पाणी चाखणाऱ्या पार्वताबाई

माझ्या सासूबाई कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या की मला घाम फुटतो. पाण्याचा पेला हातात आला की त्या पहिला घोट तोंडात घेतात, थांबतात, डोळे बारीक करतात आणि मग गिळतात. तेवढा वेळ समोरची बाई ट्रे धरून उभी असते, जणू तिचा दहावीचा निकाल लागायचा आहे. माझ्या लग्नाची बोलणी करायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या आईला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, "इहीनबाई, टाकी धुवून घ्या." टाकी खरोखरच धुवायला झाली होती, हा भाग वेगळा. पण माझ्या आईनं ते सोळा वर्षांत विसरलेलं नाही.

सासूबाईंचं नाव पार्वताबाई, वय बहात्तर. मी त्यांना आई म्हणते. राहतो आम्ही अकोल्यात. माझा नवरा श्याम एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहे, मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि आमची आकांक्षा सहावीत आहे. पण आईंची खरी ओळख अकोल्यातली नाही, ती गावातली आहे.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला. तो सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस-तूर-हरभरा बघत राहावा असा. पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, वर येतं ते तोंडात धरवत नाही. आता नळ आले आहेत, ते त्यांच्या मर्जीनं येतात. गावच्या लोकांना याचं काही वाटत नाही, कारण कळायला लागल्यापासून त्यांनी तेच पाणी प्यायलंय. त्यांचा चहासुद्धा खारट असतो, हे मी नवी सून म्हणून गेले तेव्हा त्यांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

आई मात्र मूळच्या चांदूर बाजारकडच्या. तिकडं संत्र्याच्या बागा आणि विहिरींना गोडं पाणी. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, सासूनं दिलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्या घरासमोर पहिला घोट अंगणात थुंकला. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. माझे सासरे नत्थुजी ही गोष्ट शेवटपर्यंत मिटक्या मारत सांगायचे. म्हणायचे, "आमी सारे खारे. हिची येकटीची जीभ गोडी होती, म्हनून तिले समजलं."

त्याच वर्षी आमच्या शेतात नाल्याच्या काठी विहीर खोदणं चाललं होतं. नाल्याचं पाणी झिरपून झिरपून काठाजवळ वरवर गोड्या पाण्याचा एक पातळ थर धरतो. त्याच्या खाली मात्र खारं असतं ते असतंच. कुठं थांबायचं हे कळलं तर गोडी विहीर मिळते, नाही कळलं तर खारं पाणी वर चढतं आणि सगळीच विहीर जाते. आई शिदोरी घेऊन गेल्या होत्या. खोदणाऱ्यांच्या बादलीतलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता थांबा." त्यांचे सासरे म्हणाले, कालची आलेली पोर, आम्हाला विहीर शिकवते का! खोदणारे आणखी चार हात खाली गेले. महिन्याभरात त्या विहिरीच्या पाण्याला बैल तोंड लावेना असं झालं. तेव्हापासून गावात कुणाचीही विहीर लागली की पार्वताबाईंना बोलावणं येतं. पन्नास वर्षं येतं आहे.

त्यांची एक पद्धत होती. सकाळी उपाशीपोटी जायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. आधी चूळ भरायची, मग चाखायच्या पाण्याची ओंजळ तोंडात धरायची, डावीकडे थुंकायची आणि नुसतं उभं राहायचं. "आधी का लागते थे कोनीबी सांगन," त्या म्हणायच्या. "थुकल्यावर का रायते थे पाहा लागते." आणि मग पाण्याची जात सांगायच्या. त्यांच्याकडं पाण्याच्या चार जाती: कपड्याचं, गायीचं, डाळीचं आणि पाहुण्याचं. पाहुण्याचं पाणी आमच्या पंचक्रोशीत त्यांना आयुष्यात सहा वेळा सापडलं. आता पोरांजवळ पाण्यातल्या क्षारांचा आकडा दाखवणारी मशीन आली आहे, पण तो आकडा गायीला चालेल की डाळीला हे मशीनला कुठं सांगता येतं.

सासरे गेल्यावर आई आमच्याकडे अकोल्याला आल्या. पहिली दोन वर्षं मी दात-ओठ खाऊन काढली. भाजीत तेल जास्त, वरणाला हिंग कमी, भाकरी कच्ची. मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा दोघींना ताप आला. दोघींचीही चव गेली. माझी पंधरा दिवसांत परत आली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आली नं, माही बी आली." आणि त्या तापानंतर चमत्कारच झाला. ताट वाढलं की त्या म्हणायला लागल्या, "चांगली झाली भाजी." एकदा नाही, रोज. मी श्यामला म्हटलं, बघ, शेवटी माझा हात बसला. त्यानं माझ्याकडं जरा विचित्र पाहिलं, पण मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

मग गेल्या मे महिन्यात गावात ओमप्रकाशभाऊंच्या मुलीचं, आरतीचं लग्न झालं. मांडवाजवळ नवा बोअर मारला होता. आचाऱ्यानं विचारलं, या पाण्यात स्वयंपाक करायचा का? आईंनी ओंजळ तोंडात घेतली, थुंकली, थांबल्या आणि सांगितलं, "डाळीचं हाये. खुशाल शिजवा." चारशे माणसांची तूरडाळ चुलीवर चढली आणि दुपारचे दोन वाजले तरी दाणा मऊ होईना. पंगत पुरी-भाजीवर उठली. डाळ श्यामच्या मिलमधून गेली होती, त्यामुळं लोकांनी तिलाच शिव्या घातल्या. श्यामचं तर गावात जाणं कठीण झालं. पण दोन-चार जाणती माणसं हळूच एकमेकांना म्हणाली, डाळीचं काही नाही, म्हातारीची जीभ चुकली. आईंच्या कानावर ते गेलं. त्यानंतर आठ महिने त्यांनी पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

या जानेवारीत पंजाबरावांचा फोन आला. हे आमच्या शेताला लागून असलेले शेतकरी, आईंना काकू म्हणतात. "काकू, नाल्याच्या काठी इहीर खोदून राहिलो. बत्तीस फुटावर झिरा लागला. मंगळवारी या. तुमी सांगसान तिथं थांबतो." आईंनी "पाहू" म्हणून फोन ठेवला. त्या रात्रीच्या जेवणात, सव्वीस जानेवारीला जोडून सुटी आहे तर रविवारी लोणारला जाऊ, असा आमचा बेत चालला होता. आकांक्षाला ते सरोवर शाळेच्या पुस्तकात होतं. एरवी आई फिरायला म्हटलं की गुडघे धरतात. त्या एकदम म्हणाल्या, "मले बी याचं हाये."

"काहून वं आई?" श्याम म्हणाला. "खाली उतरा-चढाचं हाये तिथं."

"तिथं दोन पान्याची इहीर हाये म्हनते. येका अंगानं खारं, येका अंगानं गोडं. मले चाखाची हाये."

मला कळलं. त्यांना मंगळवारच्या आधी स्वतःची जीभ तपासून घ्यायची होती. तिथं फसल्या तर त्या पंजाबरावांच्या विहिरीवर जाणार नव्हत्या, आणि या वेळी गेल्या नाहीत तर गाव त्यांना पुन्हा बोलावणार नव्हतं. जिला पन्नास वर्षं लोक गाडी घेऊन न्यायला आले, तिला कुणीच न्यायला येणार नाही, एवढंच ते होतं. पण ते थोडं नव्हतं.

रविवारी सहालाच निघालो. पातूरचा घाट चढताना सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पडली होती आणि गाडीत आईंनी भजन धरलं होतं. मेहकरला शारंगधर बालाजीला थांबलो. काळ्या पाषाणाची ती उंच मूर्ती पाहून आकांक्षा पहिल्यांदा गप्प झाली. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं. आईंनी ते तोंडात धरलं आणि डोळे बारीक केले. मागं रांग थांबलेली, पुजारी पळी घेऊन थांबलेले. "आई, तीर्थ आहे ते, गिळा," मी कुजबुजले. त्यांनी गिळलं. ओला हात डोक्यावरून फिरवला.

लोणारला देवमन नावाचा एक वाटाड्या केला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलायला पक्का. त्यानं आधी गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर दाखवलं. बाहेरच्या भिंतीवर इंच न् इंच कोरलेला. आत गेलं तर काळोख, आणि मोबाइलचा उजेड वर मारला की छतावर कथाच्या कथा. लवणासुराला विष्णूनं इथं मारलं, असं तो सांगत होता. आई म्हणाल्या, "राकसबी खाराच होता तं मंग." देवमननं ती गोष्ट हजारदा सांगितली असेल, पण हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तो खूश झाला.

काठावर उभं राहिलं की खाली चारही बाजूंनी जंगल उतरत गेलेलं आणि मधोमध हिरवट पाणी. हजारो वर्षांपूर्वी आभाळातून दगड पडला आणि हा खड्डा झाला, असं देवमन म्हणाला. मला पुस्तकातली चित्रं आठवली, पण चित्रात तो वारा नसतो आणि ती शांतताही नसते. मला खरंच बरं वाटलं. घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत हे आहे आणि आपण चाळिशी ओलांडल्यावर पाहतो, याची जरा लाजही वाटली.

उतरताना गोमुखाची धार लागते. बारा महिने वाहणारं गोडं पाणी, लोक अंघोळी करत होते. आईंनी ओंजळ घेतली, तोंडात धरली, डावीकडे थुंकली, थांबल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो.

"गोडं हाये," त्या म्हणाल्या.

"पाहुण्याचं?" मी विचारलं.

"हो, पाहुन्याचंच."

श्यामनं माझ्याकडं पाहून हुश्श केलं. पण देवमननं दोनच मिनिटं आधी तोंड भरून सांगितलं होतं की हे पाणी साखरेसारखं आहे. मला ते तेव्हा खटकलं आणि मी तो विचार झटकून टाकला.

खाली जंगल दाट होतं. आकांक्षाला एक मोर अगदी जवळून दिसला. वानरांनी तिच्या हातातला चिवडा नेला, तेव्हा ती रडायच्या ऐवजी हसत सुटली. झाडीत मधेच एखादं पडकं देऊळ, कुठं नुसते खांब, कुठं पिंडीवर पिंपळाची मुळं. आई प्रत्येक देवळाशी चप्पल काढत होत्या, त्यामुळं दोन किलोमीटरला दीड तास लागला. बहात्तराव्या वर्षी त्या श्यामपेक्षा बऱ्या चालत होत्या. आयुष्यभर ढेकळांतून चाललेले पाय.

सरोवराच्या काठाशी कमळजा देवीचं देऊळ. आईंनी ओटी भरली आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न केला, "थे इहीर कुठी हाये?"

देवमननं पाण्याकडं बोट दाखवलं. "माय, थे सासू-सुनेची इहीर. आता पान्याखाली हाये. सरोवराचं पानी वाढून राहिलं."

आईंचा चेहरा पडला. देवमननं मग आकांक्षासाठी द्रोणात सरोवराचं पाणी घेऊन त्यात हळदीची चिमूट टाकली. पाणी लाल झालं. आकांक्षा ओरडलीच. आई म्हणाल्या, "पापडखारातबी असंच होते, बाई," आणि श्याम-आकांक्षाला त्यांनी देवमनबरोबर पुढचं महादेवाचं देऊळ बघायला पिटाळलं. "आमी दोघी बसतो इथं. जा तुमी."

मी सावलीत टेकले. आई पाण्यापाशी गेल्या. एक बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. चार वेळा. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत अख्खी ओंजळ भरून तोंडात घेतली.

"आई!" मी धावले. "थुंका ते! हे पाणी चांगलं नाही!"

त्यांनी घाई न करता डावीकडं थुंकलं आणि उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. मी गोमुखावर भरलेल्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांना चुळा भरायला लावल्या. मग मी स्वतः एक बोट बुडवून जिभेला लावलं. शी! धुण्याचा सोडा जिभेवर टाकावा तसं. कडू, तुरट, जीभ आकसून गेली. मी तीनदा थुंकले, आणि थुंकता थुंकता मला सगळं समजलं.

"आई, कसं लागलं हे?"

"खारं."

"किती?"

त्या काठावरच्या दगडावर बसल्या. मीही शेजारी बसले.

"संध्या," त्या म्हणाल्या, "मले काईच लागत नाही."

"कधीपासून?"

"तापापासून. पयले वाटलं, तुही आली तशी माही बी येईन. म्हनून तुले आली म्हनलं. मंग येक डाव खोटं सांगतलं, तं पुढं रोज तेच सांगा लागलं."

"आणि आरतीच्या लग्नात?"

"पानी निवळ दिसलं. सारा मांडव थांबून होता. मले समजत नाही, असं कसं म्हनू?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मले वाटलं, इतकं खारं पानी तं लागंन. इतकं बी नाही लागलं तं मंग गेलीच समजा."

चार वर्षं ही बाई आमच्या घरात रोज तीन वेळा जेवली आणि तिला मीठसुद्धा लागलं नाही. मला भडभडून आलं. आणि त्याच क्षणी दुसरीच एक गोष्ट डोक्यात लख्ख पेटली.

"म्हणजे माझी भाजी? रोज चांगली झाली म्हणत होतात ती?"

"तुही भाजी कशी झाली, मले का मालूम!" आई म्हणाल्या. "तू ताट ठेवून उभी राहे. काई तं म्हना लागे."

खरं सांगते, मला आधी रागच आला. चार वर्षं मी मैत्रिणींना सांगत फिरले होते की माझ्या सासूला माझ्या हातचं आवडतं. मग मला हसू फुटलं. मला हसताना पाहून आईंनाही फुटलं. आम्ही दोघी त्या देवीच्या दारात इतक्या हसलो की शेवटी दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आईंचं मात्र थांबेना. त्या खरोखर रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. सोळा वर्षांत तसा हात कधी धरला नव्हता.

"पंजाबले फोन करून सांगजो," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "म्हना, अंगात कसर हाये. दुसऱ्या कोनाले बोलव."

"दुसरं कोण आहे?"

"कोनी नाही."

"मग मी चाखते."

आईंनी माझ्याकडं असं पाहिलं की माझ्या भाजीबद्दलचं खरं मत मला एका दमात कळलं. "तू? तुले चहात साखर टाकली का नाही, थे समजत नाही."

"मला समजायची गरज नाही. मी तोंडात काय काय होतं ते सांगेन, समजायचं तुम्ही."

तेवढ्यात श्याम आणि आकांक्षा आले. आईंनी लेकाला सगळं स्वतःच सांगितलं. श्याम आधी गंभीर झाला, आईच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग एकदम ताडकन उभा राहिला. "म्हंजे डाळ बरोबर होती! आई, आठ महिने मी शिव्या खाऊन राहिलो!" देवमनला काही कळलं नाही, पण तोही हसला.

चढताना माझी शाळा सुरू झाली. धारेपाशी आईंनी मला ओंजळ घ्यायला लावली. "धर. गिळू नोको. आता सांग, आधी का लागलं? शेंड्याले का लागलं, घशापाशी का लागलं? थुक. उभी राय. लाळ सुटली का तोंड कोल्लं-कोरडं पडलं?" मी म्हटलं, बरं लागलं. त्या म्हणाल्या, "बरं म्हंजे का? बरं कुठी लागते, नाकाले का कानाले?" लोक पाहत होते. आकांक्षाला मजा वाटत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एकदा धारेच्या, एकदा घरून आणलेल्या पाण्याच्या अशा पाच ओंजळी झाल्या तेव्हा कुठं मला पहिल्यांदा कळलं की थुंकल्यानंतरही तोंडात पाण्याचं काहीतरी उरतं आणि ते प्रत्येक पाण्याचं वेगळं असतं. इतकी वर्षं पाणी पीत आले, हे माहीतच नव्हतं.

परतताना मेहकरला जेवायला थांबलो. हॉटेलातलं पाणी मी तोंडात धरलं. "आधी काही नाही," मी सांगितलं. "मागून जड. दातांवर जीभ फिरवली की बुळबुळीत."

"कोमट हाये का?"

"थोडं."

आईंनी मालकाला हाक मारली. "भाऊ, बोरचं पानी हाये नं? अन् टाकी गच्चीवर उन्हात हाये. शेवाळ झालं तिच्यात."

मालक ओशाळला. "बरोबर हाये, माय. पन तुमी तं पेलाच नाही उचलला!"

आई वळून माझ्याकडं बघून हसल्या. रडून झाल्यावर पहिल्यांदाच, मनापासून. गाडीत मी एक युक्ती काढली: मंगळवारी विहिरीवर मी आधी गुपचूप चाखायचं, मग आईंनी सगळ्यांसमोर चाखल्यासारखं करायचं आणि मी मागून त्यांचा हात दाबायचा. गोडं असेल तर एकदा, तोंड कोरडं करणारं, म्हणजे खारं, असेल तर दोनदा. कुणाला पत्ता लागणार नाही. आईंनी मान हलवली. त्यांना पटलं असं मी धरून चालले.

मंगळवारी मी रजा टाकली. चहा न पिता निघालो आणि साडेआठला पंजाबरावांच्या शेतात पोचलो. विहिरीभोवती दहाबारा माणसं जमली होती. खोदणारे चौघं खाली होते. पंजाबरावांची इच्छा दिसत होती की आणखी चार हात खाली जावं, म्हणजे उन्हाळ्याची चिंता नको. त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, दोरीनं लोटा वर ओढला आणि आईंच्या हातात दिला. सगळे जवळ सरकले.

आईंनी लोटा तोंडाला लावलाच नाही. मी मागून पदर ओढला, त्यांनी तो सोडवून घेतला.

"आयका," त्या म्हणाल्या. "माह्या जिभेले चार वर्सांपासून काई समजत नाही. ओमप्रकाशच्या पोरीच्या लग्नात मी अंदाजानं सांगतलं होतं. चूक माही होती, डाळीची नाही. आता हे माही सून चाखन अन् मी सांगन. पटत असंन तं सांगा, नाहीतं आमी चाल्लो."

पंजाबराव तोंडात बोट घालून उभे राहिले. मला तर जमीन फाटली तर बरं असं झालं. सुंदराबाईंनी मान हलवली, तसा आईंनी लोटा माझ्या हातात दिला. मी चूळ भरली, ओंजळ तोंडात धरली. माझं एक वाक्य चुकलं असतं तर एका माणसाची विहीर गेली असती.

"आधी गोड," मी म्हटलं. "घशापाशी काही नाही. थुंकल्यावर... किंचित कोरडं. अगदी किंचित."

"नाल्याकडच्या झिऱ्याचं आना," आई म्हणाल्या. "अन् येक लोटा इहिरीच्या मधातून, तळाचं."

दोन्ही आले. नाल्याकडचं चाखल्यावर लाळ सुटली. तळाचं थुंकल्यावर जीभ टाळूला चिकटली. मी जसं होतं तसं सांगितलं. आईंनी मला तळाचं पुन्हा चाखायला लावलं, पुन्हा तेच झालं. त्या विहिरीच्या कडेला गेल्या आणि बराच वेळ खाली पाहत राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "खारं खालून वर चढून राहिलं. आता खाली येक टिकाव माराचा नाही. नाल्याच्या अंगानं रुंद करा, खोल करू नोका."

"काकू, पक्कं?" पंजाबरावांनी विचारलं.

"माही अक्कल पक्की हाये. जीभ हिची हाये."

पंजाबरावांनी आईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग विहिरीत वाकून हाक दिली, "या रे वर! झालं काम!" चौघं वर आले. सुंदराबाईंनी विहिरीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नाल्याकडच्या झिऱ्याचा लोटा भरून मानाचं पहिलं पाणी आईंना दिलं. आई तो अख्खा लोटा न थांबता प्यायल्या. ना डोळे बारीक केले, ना तोंडात धरलं. तहान लागलेलं माणूस पितं तशा प्यायल्या.

"कसं हाये, काकू?" पंजाबरावांनी सवयीनं विचारलं.

"मले कायले इचारतं?" आई लोटा माझ्याकडं देत म्हणाल्या. "हिले इचार."

आणि ती सगळी माणसं माझ्याकडं वळली.